वहीतलं अक्षर

नव्या बोटीची चाचणी घ्यायला निघालो की दोन वस्तू मी आठवणीने सोबत घेतो. एक कमरेचा पट्टा, दुसरी वही. वही साधी, दोनशेपानी, शाळेतली मुलं वापरतात तशी. सत्तावीस वर्षांत अशा अकरा वह्या भरल्या. तारीख, भरती-सुकतीची वेळ, वारा कुठला, टाकीत पेट्रोल किती, बोटीत माणसं किती आणि मग खाली दोन रकाने : आरपीएम आणि नॉट. सुकाणू माझ्या हातात असतं, त्यामुळे आकडे मी ओरडून सांगतो आणि शेजारी बसलेला मुलगा लिहितो. आधी वेगवेगळी पोरं लिहायची, गेली सहा वर्षं भाचा लिहितो.

या वह्या मी दोन प्रकारे वाचतो. एकदा आकडे वाचतो आणि एकदा अक्षर. दहा नॉटपर्यंत सगळ्यांचंच अक्षर बरं असतं. पंधराला ते तिरकं होतं. वीसच्या पुढे, पाण्यावर जरा लाट असेल तर, एकाचा सात होतो आणि सहाचं काहीही होतं. एका वहीत २४ लिहिताना चाराची रेघ पान सोडून लिहिणाऱ्याच्या पँटवर गेली होती. त्या बोटीच्या कागदावर वेग छान आहे, मालक खूश होता. पण ते पान उघडलं की माझी कंबर आजही दुखते. बोट माणसाला कशी वागवते हे आकड्यात येत नाही, ते लिहिणाऱ्याच्या हातात उतरतं.

या वर्षी शिमगा उलटून तिसऱ्या दिवशी धरमतरच्या खाडीत एका नव्या बोटीची चाचणी घेतली. फायबरची, साडेआठ मीटर लांब, मागे दीडशे अश्वशक्तीची दोन आउटबोर्ड इंजिनं. बांधणारा पस्तिशीतला. त्याच्या घरात आजोबांपासून मासेमारीच्या लाकडी होड्या बांधायचं काम, पण स्वतः रेखाटून बांधलेली ही त्याची पहिलीच वेगवान बोट. मांडवा-रेवस भागातून मुंबईकडे माणसं न्यायची आणि वेळ आली तर आजारी माणूस झोपवून न्यायचा, अशी तिची मागणी होती. म्हणून मधल्या भागात स्ट्रेचर बसेल अशी चौकट केली होती.

खरं सांगायचं तर मला फार आशा नव्हती. आपल्या किनाऱ्यावर लहान फायबर बोटी बऱ्याचदा कशा तयार होतात ते मी पाहिलं आहे. एखादी जुनी, चाललेली बोट उलटी घालायची, तिच्यावरून साचा काढायचा, लांबी फूटभर वाढवायची, इंजिन मोठं लावायचं. जुन्या बोटीचा तळ सपाट असतो, कारण ती कमी ताकदीच्या इंजिनावर चालायची आणि पुळणीवर ओढून ठेवायला सोपी जायची. त्या कामाला तो तळ योग्यच होता. पण त्याच तळाला तिप्पट ताकद लावली की बोट लाटेवरून सुटते आणि पुढच्या लाटेवर सबंध पोटाने आदळते. काँक्रीटवर पडल्यासारखी. २०११ मध्ये अशाच एका चाचणीत मी सीटवरून हातभर उडालो आणि बोट वर येत असताना खाली आलो. कमरेचे दोन मणके दबले. तीन महिने पाठीवर पडून काढले. पट्टा तेव्हापासूनचा. पडून असताना एकच विचार सारखा यायचा : मला सुकाणूचा आधार होता, लाट येताना दिसत होती, तरी ही गत. त्या बोटीत पाय मोडलेलं माणूस किंवा दिवस भरलेली बाई आडवी असती तर?

म्हणून स्ट्रेचरची चौकट पाहिली तेव्हा मनात धास्तीच आली.

बोट आदल्या दिवशी दुपारच्या भरतीला पाण्यात उतरवून ठेवली होती. पौर्णिमा नुकतीच झालेली, उधाणाचे दिवस, त्यामुळे सकाळी आठच्या सुमाराला खाडीचं पाणी पार सुकलेलं. चिखलाच्या कडेला बगळे बसले होते. मी बोटीत चढलो, इंजिन चालू न करता पाच-सात मिनिटं नुसता उभा राहिलो, मग एका कडेवर सगळा भार दिला, मग दुसऱ्या. ही बाबांची सवय. बाबा तांडेल होते. सागाच्या फळ्या, सांध्यांत ठोकलेला कापूस, वर राळ आणि मोरीच्या तेलाचा हात, अशा होड्यांवर त्यांचं आयुष्य गेलं. नवी होडी पाण्यात उतरली की ते आधी तिच्यात गप्प बसायचे. "तिला जरा बोलू दे," म्हणायचे. मी लहान असताना मला वाटायचं ते देवाचं काही म्हणत असतील. होडी कलली तर किती वेळात सावरते, सावरताना झटका देते की सावकाश येते, एवढंच ते पाहत असत.

ही बोट सावकाश सावरली. मी भाच्याला काही बोललो नाही.

चाचणीची जागा मी नेहमी प्रवासी लॉन्चच्या वाटेपासून लांब धरतो. आधी तसा रिवाज होता, आता तो माझा नेम झाला आहे. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चाललेली एक वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी लॉन्चवर आदळली, तेराहून अधिक माणसं गेली. तो दिवस आमच्या धंद्यातल्या कुणालाही विसरता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. सगळ्या वह्या काढून बसलो आणि प्रत्येक चाचणीत वेग वाढवण्याआधी मी काय काय तपासलं होतं ते शोधत राहिलो. काही पानांवर ते लिहिलेलं नव्हतं. केलं असेल, पण लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून पानावरची पहिली ओळ ठरलेली आहे. मनगटाला बांधलेली दोरी खेचून इंजिन बंद पडतं का, ते धक्क्यावर, मग पाच नॉटला, मग दहाला. थ्रॉटल मागे घेतलं की गिअर खरोखर मोकळा होतो का. सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत अडखळल्याशिवाय फिरतं का. या तिन्हींपुढे बरोबरची खूण झाल्याशिवाय पुढचा आकडा लिहायचा नाही.

सकाळची चाचणी ही सपाट पाण्यावरची. मतलई वारा पडलेला असतो, खारा वारा सुटायचा असतो, दहा-साडेदहापर्यंत खाडीच्या तोंडाशी पाणी तेलासारखं असतं. वेग मोजायला हीच वेळ. भरतीचं पाणी आत येत असतं, त्याच्याबरोबर गेलं की आकडा फुगतो, उलट गेलं की घटतो. म्हणून एकाच रेषेत जायचं, यायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची.

बांधणाऱ्याने चौतीस नॉट सांगितले होते, म्हणजे ताशी त्रेसष्ट किलोमीटर. सांगितलेल्या आकड्यातून तीन-चार वजा करायची मला सवय आहे. पहिल्याच फेरीत इंजिन सहा हजार आरपीएमला पोचून अडलं, थ्रॉटल अजून बोटभर शिल्लक होतं. सरासरी पस्तीस नॉटच्या थोडी वर. याचा अर्थ पंखा बोटीला लहान पडत होता. सतरा इंची पंखा एका फेऱ्यात कागदोपत्री सतरा इंच पुढे सरकतो. बोट जड असेल, पाण्याला चिकटणारी असेल, तर तो बरोबर बसतो. पण ही बोट त्याने धरलेल्या हिशोबापेक्षा सहज सरकत होती, त्यामुळे इंजिन मोकळं धावत होतं. धक्क्याला आलो. त्याने ओळखीच्याकडून एकोणीस इंची जोडी उसनी आणून ठेवली होती, पण वापरायची वेळ येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. पंखे बदलताना त्याचे हात थरथरत होते. इंजिन साडेपाच-सहा हजारांच्या मध्ये आलं, जाताना ३८.६, येताना ३५.४, सरासरी सदतीस.

तो हसला. मी त्याच्याशी हसलो नाही, आणि त्याचं त्याला वाईट वाटलेलं मला दिसलं. पण सपाट पाण्यावर सदतीस नॉट ही माझ्या लेखी अजून काहीच गोष्ट नव्हती. म्हटलं, "दुपारी जाऊ. पाणी सुकायला लागलं की."

"काका, तेव्हा तर तोंडावर भयंकर होतं."

"म्हणूनच."

उधाणाच्या दिवसांत रेवसच्या तोंडावर दुपारी काय होतं ते त्या भागात राहणाऱ्याला सांगायला नको. अडीचच्या सुमाराला भरती पुरी होते आणि खाडीभर साठलेलं पाणी बाहेर धावायला लागतं. त्याच वेळी खारा वारा पुरा जोरात असतो, वायव्येकडून. पाणी एकीकडे, वारा त्याच्या छातीवर. लाटा उंच होत नाहीत फार, पण उभ्या होतात, जवळजवळ येतात. एक उतरायच्या आत दुसरी. छातीइतकी लाट आहे म्हणून कुणी हसेल, पण लहान बोटीचं पितळ उघडं पाडायला तीच पुरते.

साडेतीनला निघालो. मांडव्याचा धक्का डाव्या हाताला टाकला, डोलजाळ्यांचे खुंट चुकवत थळच्या बाजूला वळलो. समोर उंदेरी, पलीकडे खांदेरी आणि तिचा दीपस्तंभ. वीस नॉटला होतो. पहिली मोठी लाट आली, बोट चढली, सुटली. मी सवयीने गुडघे वाकवले, दात आवळले आणि मार पडायची वाट पाहिली.

मार पडला नाही. खालून एक लांब, दबका फुसकारा आला, दोन्ही बाजूंना पाणी पंख्यासारखं फाकलं आणि बोट पुढच्या लाटेत होती. मला वाटलं लाटच लहान असेल. दुसरी, तिसरी, दहावी. मागे वळून भाच्याकडे पाहिलं. तो लिहीत होता.

याचं कारण तळाच्या आकारात आहे, आणि या आकाराची गोष्ट मला फार आवडते. रेमंड हंट नावाच्या अमेरिकन रेखाटकाने खोल व्ही आकाराचा तळ नाळेपासून थेट पिछाडीपर्यंत तसाच ठेवला. बाकीच्या बोटींचा तळ पुढे धारदार आणि मागे सपाट होत जायचा, कारण सपाट तळ पाण्यावर लवकर उचलला जातो. हंटने दोन्ही बाजूंचा चढ शेवटपर्यंत चोवीस अंशांच्या आसपास धरला आणि तळाला लांब पट्ट्या दिल्या, त्या पाणी खाली दाबून बोट उचलतात. १९६० मध्ये मायामी ते नासाऊ या शर्यतीत रिचर्ड बर्ट्रम तसल्या बोटीत उतरला. समुद्र खवळला होता, त्याची बोट पहिली आली. बोटीचं नाव त्याने आपल्या बायकोच्या लाडक्या नावावरून ठेवलं होतं, 'मॉपी'. तेव्हापासून तसला तळ जगभर गेला. आमच्या या पोराने पिछाडीला एकवीस अंश धरले होते. चोवीस का नाही, विचारलं. म्हणाला, "चोवीस केले तर उभ्या बोटीत माणूस चढताना ती फार कलते. म्हातारी माणसं धक्क्यावरून पाय टाकणार." हे उत्तर ऐकल्यावर मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तीन अंश त्याने कुणा म्हातारीच्या पायासाठी सोडले होते.

पण माझ्या अपेक्षेच्या खरोखर पलीकडे गेली ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती वेगाची नाही. उलट संथपणाची आहे.

वेगवान बोट पाण्यावर 'उठते' तेव्हा ती पाणी कापत नाही, पाण्यावरून घसरते. उठण्याआधी नाळ वर जाते, शेपूट बसते, समोरचं काही दिसत नाही, इंजिन ओरडतं. मग ती अडचण ओलांडली की बोट सपाट होते. समुद्र वाईट झाला की शहाणा माणूस वेग कमी करतो. आणि इथेच बहुतेक बोटी दगा देतात. सतरा-अठरा नॉटच्या खाली आल्या की त्या बसतात. म्हणजे सुकाणू धरणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. अठराला राहून आदळत जायचं किंवा आठला येऊन, नाळ आभाळाकडे करून, आंधळं रखडत जायचं. आजारी माणूस घेऊन निघालेल्याला या दोन्ही चालत नाहीत.

खांदेरीच्या अलीकडे मी थ्रॉटल हळूहळू मागे घेत गेलो. अठरा. सोळा. पंधरा. भाच्याला म्हटलं, आता बसेल, धर. चौदा. बसली नाही. तेराला तिने शेपूट थोडं खाली टाकलं, ट्रिमच्या पट्ट्या जरा खाली घेतल्या तशी पुन्हा सपाट झाली. तेरा नॉट, नाळ खाली, समोरची प्रत्येक लाट दिसते आहे, आणि बोट तिच्यावरून चालत गेल्यासारखी जाते आहे. मी किती वेळ तसाच जात राहिलो ठाऊक नाही. भाचा म्हणाला, "मामा, परत फिरायचं ना?" तेव्हा भानावर आलो.

हे कसं जमलं ते त्याने नंतर फळ्या उचलून दाखवलं. आजची चार-स्ट्रोक इंजिनं प्रत्येकी दोनशे किलोच्या वर भरतात आणि ती पिछाडीच्या टोकावर लटकतात. त्यात पेट्रोलची टाकी आणि बॅटऱ्याही मागेच ठेवायची पद्धत, कारण तारा आणि नळ्या आखूड लागतात. याने टाकी जवळजवळ मध्यावर आणली होती, बॅटऱ्या सुकाणूच्या सीटखाली. तारांचा खर्च वाढला, फळ्यांखालची जागा गेली. पण भार मध्ये आला, आणि टाकी भरलेली असो की रिकामी, बोट तशीच बसते. त्याचे आजोबा लाकडी होडीत नीरमाचे दगड स्वतः उचलून इकडचे तिकडे करायचे, ते पाहून हे डोक्यात आलं, असं तो म्हणाला.

परतताना खांदेरीकडे तोंड करून, नेहमीसारखा, वेताळाला हात जोडले. या बेटाजवळून जाताना मला १६७९ साल आठवल्याशिवाय राहत नाही. महाराजांची माणसं बेटावर तट उभारत होती, मायनाक भंडारी तिथे ठाण मांडून होता आणि इंग्रजांची मोठी जहाजं वाट अडवायला उभी होती. आमच्या लहान, उथळ होड्या रात्री त्यांच्यामधून निसटून दाणागोटा पोचवायच्या. इंग्रजांकडे तोफा जास्त होत्या, पण ते पाणी, तो वारा, ती सुकती आमच्या होड्या बांधणाऱ्यांच्या हातात मुरलेली होती. साच्यावरून साचा काढण्यात मधल्या काळात ते हात हरवले की काय, अशी हुरहूर मला बरीच वर्षं होती. त्या दुपारी ती थोडी कमी झाली.

वारा पाठीवर घेऊन येणं ही शेवटची परीक्षा. मागून तिरकी येणारी लाट पिछाडी ढकलते, नाळ पुढच्या लाटेच्या पायथ्याशी घुसते आणि बोट आडवी फिरू पाहते. मी मुद्दाम दोनदा तिला त्या कोनात सोडली. सुकाणू हलकं झालं, पण हातातून गेलं नाही. एकदा नाळ खोल गेली, पाणी काचेवर आलं, आणि ती वर आली.

धक्क्याला लागलो तेव्हा साडेपाच झाले होते. तो पोरगा माझ्या तोंडाकडे बघत उभा. मी आधी दोष सांगितले, कारण दोष सांगायचे पैसे मला मिळतात. पुढचं झाकण खडखडतं. उजव्या खांबामुळे सुकाणूवरून समोरचा एक तुकडा दिसत नाही, तो खांब बारीक कर. बिल्जपंपाचं बटण गुडघ्याशी आहे, हाताशी आण. उजव्या बाजूने शिंतोडे आत येतात, तिथे पट्टी हवी. तो लिहून घेत होता. सगळं झाल्यावर मी त्याला वही दिली आणि दुपारचं पान उघडून दाखवलं. तो आकडे वाचायला लागला. म्हटलं, आकडे नको वाचू, अक्षर बघ. खाली मी २०११ ची वही ठेवली, ती मी घरून आणलीच होती. त्याने दोन्ही पानं शेजारी धरली, बराच वेळ. मग वही मिटून भाच्याच्या हातात दिली आणि पंख्याचे नट उगाचच पुन्हा आवळत बसला.

दुसऱ्या दिवशी भारासकट चाचणी. माणशी पंचाहत्तर किलोप्रमाणे दहा माणसांच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या. वेग तेहतीसवर आला, तो यायलाच हवा होता. उसळी तीच. दुपारी पुन्हा तेच तोंड, तोच वारा, पाणी कालच्यापेक्षा थोडं उशिरा सुटलेलं.

चौकटीत स्ट्रेचर बसवलं होतं. ठरल्याप्रमाणे भाचा त्यावर झोपणार आणि मी चालवणार. तो पट्टे सोडवायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं. दोरी माझ्या मनगटावरून काढून त्याच्या मनगटाला बांधली. तो गोंधळला. "मामा, तुझी कंबर." म्हटलं, म्हणूनच. तेराच्या वर जाऊ नकोस आणि माझ्याकडे बघू नकोस.

आडवा झालो. पट्टे आवळून घेतले. चौदा वर्षांनंतर मी बोटीत पाठीवर होतो, आणि वर फक्त आभाळ आणि भाच्याची मान दिसत होती. लाट दिसत नव्हती. कानाखाली तळ होता. तो आवाज मी सुकाणूवरून कधी ऐकला नव्हता : लाट येते, तळाच्या कण्यावर दुभंगते, दोन्हीकडे सरकत जाते, पट्ट्यांशी खळखळते आणि जाते. मांडव्याचा धक्का गेला असावा, कारण माणसांचे आवाज आले आणि विरले. तोंडावरच्या उभ्या लाटा सुरू झाल्या, हे मला पोटातल्या चढउतारावरून कळलं. पाठीवरून कळलं नाही.

पट्टा कमरेचा घालायला मी त्या दिवशी विसरलो होतो, ते तेव्हा लक्षात आलं.

मी एक हात मोकळा केला आणि वही मागितली.